जुनी मर्सिडीज डब्ल्यू १२३ पुन्हा रस्त्यावर आणताय? आधी प्लेट वाचा, पाना नंतर हातात घ्या

डिकीवर ३०० डी असा चकचकीत बिल्ला होता आणि विकणारा पण ३०० डी म्हणूनच भाव सांगत होता. मी बॉनेट उघडलं, डिझेल पंपावरून निघणाऱ्या बारीक लोखंडी नळ्या मोजल्या तर चारच. ३०० डी पाच सिलेंडरची असते राव, पाच नळ्या हव्यात. मग रेडिएटरच्या वरच्या पट्टीवरची प्लेट फडक्याने पुसली, मॉडेल नंबर निघाला १२३.१२३, म्हणजे २४० डी. बिल्ला कुणीतरी हौसेने बदललेला, आणि विकणाऱ्याला खरंच माहीत नव्हतं, त्याच्या वडिलांनी गाडी घेतली तेव्हापासून तो तसाच होता.

ही गाडी १९७९ ची, उजव्या स्टिअरिंगची, पहिला मालक नैरोबीहून कायमचा परत येताना घेऊन आला होता. साताऱ्याजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं उभी होती. मला ती रस्त्यावर आणायला साडेतीन वर्षं लागली, त्यातलं पहिलं वर्ष बऱ्यापैकी वाया गेलं कारण मी लोकांचं ऐकून कामं काढत बसलो. गाडीने स्वतः काय लिहून ठेवलंय ते आधी नीट वाचलं असतं तर बराच पैसा वाचला असता. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहितोय.

प्लेट आणि नंबर कुठे असतात

डब्ल्यू १२३ हे १९७६ च्या जानेवारीत बाजारात आलेलं मॉडेल, जवळजवळ २७ लाख गाड्या बनल्या, त्यामुळे माहिती भरपूर मिळते. तीन जागा बघायच्या. एक, बॉनेट उघडल्यावर समोरच रेडिएटरच्या वरची आडवी पट्टी, तिथे गाडीची मुख्य प्लेट आणि एक छोटी ॲल्युमिनियमची बॉडी प्लेट. दोन, इंजिनच्या मागची पत्र्याची भिंत, तिथे चेसिस नंबर थेट पत्र्यात ठोकलेला. तीन, इंजिन ब्लॉकच्या डाव्या बाजूला मागे, हेडच्या खाली, इंजिन नंबर. हा तिसरा तेल आणि धुळीच्या जाड थराखाली गाडलेला असतो.

साफ करताना तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, ग्राइंडर काहीही लावू नका. ठोकलेला नंबर घासून पुसट झाला तर आरटीओला छेडछाडीचा संशय येतो आणि मग सिद्ध करत बसा. मी फडक्यावर थोडं डिझेल घेऊन, जुन्या टूथब्रशने अर्धा तास सावकाश काढलं, सुकल्यावर वरून पांढरा खडू आडवा फिरवला आणि बोटाने पुसला, की खडू खाचेत बसतो आणि आकडे उठून दिसतात. मग पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवून छाप घ्यायचा. ट्रान्सफरच्या वेळी आरटीओत जो पेन्सिल प्रिंट मागतात तोच हा, पण तुम्ही तो पैसे द्यायच्या आधी घ्या आणि आरसी शेजारी ठेवून एक एक आकडा जुळवा. माझ्या आरसीवर एका १ चा ७ झाला होता, मूळ नोंद हाताने लिहिलेली होती तेव्हाची चूक असणार. ती दुरुस्त करून घ्यायला जेवढ्या चकरा झाल्या तेवढ्यात एक दरवाजा रंगवून झाला असता.

आकडे काय बोलतात

माझा चेसिस नंबर १२३१२३ २० आणि पुढे सहा आकडी सिरीयल, असा चौदा आकडी आहे. पहिले तीन आकडे म्हणजे मॉडेलची पिढी, १२३. पुढचे तीन म्हणजे नक्की कोणती गाडी: सेडानमध्ये १२०  असेल तर २०० डी, १२३ म्हणजे २४० डी, १३० म्हणजे ३०० डी, आणि शून्याने सुरू होत असेल तर पेट्रोल, उदाहरणार्थ ०३३ म्हणजे २८० ई. त्यानंतरचा एक आकडा स्टिअरिंगचा, १ डावं आणि २ उजवं. त्याच्या पुढचा गिअरबॉक्सचा, ० मॅन्युअल आणि २ ऑटोमॅटिक. म्हणजे माझी गाडी कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची आणि हाताच्या गिअरची आलीय. हे महत्त्वाचं अशासाठी की आखातातून आलेल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या इकडे उजव्या करून विकलेल्या असू शकतात, काम चांगलं असेल तर बघून कळत नाही, पण तिथला १ तसाच राहतो.

१९८० नंतरच्या गाड्यांना सतरा अक्षरी नंबर आला. सुरुवातीला डब्ल्यूडीबी, मग तेच सहा मॉडेलचे आकडे, मग स्टिअरिंगचा १ किंवा २, मग कारखान्याचं अक्षर (ए असेल तर झिंडेलफिंगेन, एफ असेल तर ब्रेमेन) आणि शेवटी सिरीयल. ह्यात गिअरबॉक्सचा आकडा नसतो. एक गंमत सांगतो, नेटवरचे फुकटचे डिकोडर अमेरिकन पद्धतीने दहाव्या अक्षरावरून वर्ष सांगतात आणि ह्या नंबरात दहावं अक्षर नेमकं स्टिअरिंगचं येतं, त्यामुळे एका मित्राची १९८३ ची उजव्या स्टिअरिंगची गाडी त्यांनी २००२ ची ठरवली होती. तो आठवडाभर काळजीत होता की चेसिस नंबर बनावट आहे.

इंजिनचं पण तसंच. ६१६.९१२ ने सुरू होत असेल तर ते ह्या पिढीच्या २४० डी चं, २३९९ सीसी किंवा १९७८ च्या आधीचं असेल तर २४०४. ६१५.९४० असेल तर ते २०० डी चं लहान इंजिन, ६१७.९१२ म्हणजे ३०० डी चं पाच सिलेंडर. ६१६.९१६ दिसलं तर ते आधीच्या पिढीच्या, म्हणजे डब्ल्यू ११५ च्या, गाडीतून काढून बसवलंय. इंजिन बदललेलं असणं म्हणजे गाडी वाईट असं अजिबात नाही, पण आरसीवर जुनाच नंबर असेल तर तो गुंता विकणाऱ्याकडूनच आधी सोडवून घ्या, नंतर तो माणूस फोन उचलत नाही.

छोटी बॉडी प्लेट

मला खरी मजा ह्या प्लेटने आणली. तिच्यावर बॉडी नंबर असतो (तो चेसिस नंबर नव्हे, ह्यात लोक फार गोंधळतात), रंगाचा तीन आकडी कोड असतो आणि खाली तीन-तीन आकड्यांचे ऑप्शन कोड. रंगातले नेहमी दिसणारे सांगतो: ०४० काळा, ७३७ पांढरा, ९०४ गडद निळा, ५६८ लाल, ४८० तपकिरी मेटॅलिक, आणि ६२३ हा तो फिकट हस्तिदंती, जर्मनीतल्या टॅक्स्यांचा. माझी गाडी घेतली तेव्हा पांढरी होती, आरसीवरही पांढरीच, विकणारा छातीठोकपणे ओरिजिनल पेंट म्हणत होता. प्लेटवर ९०४. मग डिकीचं रबर एका कोपऱ्यात उचलून बघितलं, खाली निळा. पेट्रोल, सॉरी, डिझेलच्या झाकणाच्या आत निळा. डॅशबोर्डच्या मागे तर एकदम नवीन असल्यासारखा निळा.

ऑप्शन कोडमध्ये ४१० हाताने फिरवायचं सनरूफ, ४१२ इलेक्ट्रिक सनरूफ, ४६६ सेंट्रल लॉकिंग, ४७० एबीएस, ५३१ आपोआप वर येणारी अँटेना, ५८० एसी, ५८४ चारही काचा पॉवरच्या, ८७३ गरम होणाऱ्या सीट. माझ्या प्लेटवर ४१० होतं आणि गाडीला सनरूफ नव्हतं. मी दहा वेळा वाचलं. छतावर हात फिरवला तर एकदम सपाट. शेवटी आतल्या आरशाच्या वर छताच्या रेक्झिनला बोटाने दाबत गेलो आणि एका जागी बोट आत गेलं. तिथे सनरूफ फिरवायच्या हँडलचं भोक होतं. कुणीतरी पाणी गळतं म्हणून अख्खं सनरूफ वरून पुट्टी भरून बंद केलं होतं, रंग मारला होता आणि आतून नवीन रेक्झिन ताणलं होतं. डेंटरने हीट गनने पुट्टी सोडवली तेव्हा खालून निळं पॅनेल जसंच्या तसं निघालं.

ह्या सगळ्याच्या वरचा कागद म्हणजे डेटा कार्ड. प्रत्येक गाडीचं असतं: ऑर्डर नंबर, इंजिन आणि गिअरबॉक्सचे नंबर, किल्ली नंबर, रंग, आतलं कापड, सगळं. मालकीचा पुरावा देऊन डीलरच्या स्पेअर काउंटरकडून किंवा मर्सिडीजच्या क्लासिक विभागाकडून मागवता येतं. आतल्या कापडाच्या कोडचा पहिला आकडा बघा, ० कापड, १ रेक्झिनसारखं ते एमबी टेक्स, २ लेदर, ९ व्हेलूर. माझं १ ने सुरू होत होतं, त्यामुळे लेदर घालायचा मोह टळला आणि पैसे वाचले.

आता पाना घ्या, पण स्टार्टर मारू नका

बरीच वर्षं उभ्या गाडीला लोक पहिल्याच दिवशी बॅटरी लावून सेल्फ मारतात. नका करू. आधी हीटर प्लग (सुरू करण्याआधी सिलेंडर गरम करणारे) काढा, प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, दोन दिवस तसंच ठेवा, मग पुढच्या क्रँकच्या बोल्टला २७ चा सॉकेट लावून हाताने घड्याळाच्या दिशेने फिरवा. अडकलं तर जोर लावू नका, परत ऑइल सोडा. दोन पूर्ण फेरे मोकळे फिरले की पुढचं बोला. ऑइल आणि फिल्टर बदलून घ्या.

मग डिझेलची टाकी. ही पायरी सगळे विसरतात. टाकीच्या तळाला एक मोठा नट असतो, ४६ चा सॉकेट लागतो, त्यावर आतल्या बाजूने जाळी असते. माझ्या जाळीवर काळा चिखलच होता, जुन्या डिझेलमध्ये जंतू वाढून साचतो तसा. टाकी उतरवून धुऊन घ्या. इंजिनजवळचा छोटा पारदर्शक फिल्टर आणि मोठा फिल्टर दोन्ही नवीन टाका. नोझलना (सिलेंडरमध्ये डिझेल फवारतात ते) जोडणारे विणलेल्या कापडाचे बारीक रिटर्न पाईप सगळेच्या सगळे बदला, शंभर-दोनशे रुपयाचं काम आहे पण त्यातून एअर पकडली तर तुम्ही आठवडाभर पंपाला शिव्या घालत बसाल. पंपावरचा हाताने दाबायचा पांढरा जुना प्रायमर पण बहुतेक गळत असतो. नोझल पंपवाल्याकडे नेऊन प्रेशर बघा, नवीन नोझल ११५ ते १२५ बारला उघडायला पाहिजे, १०० च्या खाली गेलेला ठेवू नका.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनवर सेट करायचे, इनलेट ०.१० मिमी आणि एक्झॉस्ट ०.३०. ह्याला १४ चे वाकवलेले खास पाने लागतात, साध्या पान्याने नट गोल होतात. माझे दोन झाले. आणि कॉम्प्रेशन तपासायचं ते इंजिन गरम असताना: चांगल्या इंजिनचं २२ ते २४ बार येतं, १५ च्या खाली असेल तर खोलावं लागेल, आणि सिलेंडरमधला फरक ३ बारच्या आत हवा.

१९८० च्या आधीच्या गाडीत हीटर प्लग जुन्या पद्धतीचे, पुढे उघडी वेटोळ्याची तार असलेले आणि एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेले असतात. एक गेला की चारही गेले, आणि पूर्वी दिवाळीच्या माळेत जळका बल्ब शोधायचो तसं एक एक करत शोधायचं. मी पेन्सिलसारख्या नवीन प्रकाराचे टाकले आणि वायरिंग पॅरललमध्ये करून घेतलं, इथे ओरिजिनलचा हट्ट मी सोडला. ज्यांना शो ला गाडी न्यायची आहे त्यांनी आपलं आपण ठरवावं.

पार्ट कुठून आणायचे

आपल्याकडे ह्या इंजिनाचं एक भाग्य आहे. बजाज टेम्पो, म्हणजे आताची फोर्स मोटर्स, ह्यांनी हेच ओएम ६१६ इंजिन मर्सिडीजच्या लायसनवर बनवलं आणि टेम्पो ट्रॅव्हलर, ट्रॅक्समध्ये वर्षानुवर्षं घातलं. गावोगाव वडाप करणाऱ्या ट्रॅक्सच्या बॉनेटखाली माझ्या गाडीचा चुलतभाऊ होता म्हणा ना. त्यामुळे रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, टॅपेटचं सामान ह्यासाठी जर्मनीला बघायच्या आधी ट्रॅक्सचे स्पेअर विकणाऱ्या दुकानात जा. पण जुना पार्ट हातात घेऊन जा आणि काउंटरवर शेजारी ठेवून मापा, दोन्ही इंजिनांवरचं सगळंच सारखं नसतं. आणि दुकानात "मर्सिडीजचं द्या" म्हणू नका, भाव तिप्पट होतो. बुश, रबरं, काचेची बीडिंग, डॅशचं सामान मात्र बाहेरूनच येतं, त्याला इलाज नाही, पार्ट नंबर १२३ ने सुरू होतो तो डायग्रॅमवरून काढून मग मागवा.

व्हॅक्युम, म्हणजे डोकेदुखी

ह्या गाडीत सेंट्रल लॉकिंग व्हॅक्युमवर (नळ्यांमधून हवा ओढून), ब्रेकचा बूस्टर व्हॅक्युमवर, आणि इंजिन बंदसुद्धा व्हॅक्युमवर होतं. पहिल्यांदा इंजिन चालू झालं तेव्हा आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो, पाच मिनिटांनी मी किल्ली फिरवली, किल्ली हातात आली, इंजिन मात्र चालूच. मिस्त्री बॅटरीची वायर काढायला धावला, त्याने डिझेल इंजिन थोडंच थांबतंय. इंजिनवर पंपाजवळ स्टॉप लिहिलेला एक लिव्हर असतो, तो हाताने खाली दाबून धरायचा, बंद होतं. हे आधी माहीत करून घ्या, मगच सेल्फ मारा. आमच्या केसमध्ये एका दरवाजातल्या लॉकचा रबरी डायफ्रॅम फाटला होता, तिथून सगळा व्हॅक्युम जात होता. हातपंपाने एक एक लाईन वेगळी करून तपासली की सापडतं.

आणखी एक, गाडी सुरू करायची किल्ली लॉकमध्ये अडखळत असेल तर तो लॉकचा सिलेंडर आजच बदला. एकदा पूर्ण अडकला की बाहेर काढायला किल्ली फिरावी लागते आणि ती तर फिरत नाही, मग स्टिअरिंग लॉक कापत बसावं लागतं.

ब्रेक, खालचं काम

चारही चाकांना डिस्क आहेत. सगळे रबरी होज बदला, बाहेरून चांगले दिसतात पण आतून फुगून बंद होतात आणि चाक धरून ठेवतात. कॅलिपर उघडून सील टाका. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे रबर कपलिंग आणि मधलं बेअरिंग एकदमच करा. रेडिएटरचं प्लॅस्टिक नरडं, जिथे वरचा होज बसतो, ते एवढ्या वर्षांनी तुटतंच, आणि तुटतं ते खंबाटकी घाटातच.

पत्रा आणि रंग

गंज ह्या ठिकाणी शोधा: जॅक लावायच्या चारही जागा, बॅटरीखालचा ट्रे आणि त्यामागची भिंत, मागच्या काचेचे खालचे कोपरे, डिकीतली स्टेपनीची विहीर आणि दोन्ही बाजूचे खिसे, कार्पेटखालचा फ्लोअर, दरवाज्यांच्या तळकडा. चुंबक फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. मागच्या काचेचं रबर कडक झालं की पाणी डिकीत उतरतं, त्यामुळे आधी रबर आणि मगच पत्रा. सडलेला पत्रा कापून सीओटू वेल्डिंगने नवीन तुकडा, वरून पुट्टीचा पातळ हात. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा लाटा येऊन वाकडा होतो.

रंगाच्या आधी पेंटरला समोर उभं करून सांगा की प्लेट काढायच्या नाहीत, रिव्हेट तोडायचे नाहीत, चेसिस नंबरवर पुट्टी-प्रायमर जायचा नाही. नीट मास्किंग टेप. मी एक दिवस नव्हतो तेवढ्यात बॉडी प्लेटवर प्रायमर बसला, तो कापसाने थिनर लावून काढताना ऑप्शनचे दोन आकडे अर्धे पुसट झाले. आधी काढलेले फोटो आहेत म्हणून ठीक.

रंग मी ९०४ च मारला. आणि इथे विसरू नका, आरसीवर पांढरा लिहिलंय तर निळा करण्याआधी आरटीओत रंगबदलाचा अर्ज द्यावा लागतो, कारखान्याचा मूळ रंग असला तरी. पंधरा वर्षं उलटलेल्या खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं असतंच, तपासणी आणि पर्यावरण कर भरून, तर रंगाचं त्याच फेरीत उरकून घ्या. व्हिंटेजची ती व्हीए नंबरप्लेट लगेच मिळणार नाही, २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं व्हायला हवीत आणि गाडी मूळ स्वरूपात हवी.

सीटचं काम कुशनवाल्याने आठ दिवसात केलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त छताचं रेक्झिन शेवटी लावा, सनरूफची पाणी जायची भोकं तपासल्यानंतर. चार कोपऱ्यात चार बारीक नळ्या असतात. सायकलच्या ब्रेकची जुनी केबल घालून हळू मोकळ्या करायच्या, हवेचं प्रेशर मारायचं नाही, आत जोड निसटतो. मग प्रत्येक कोपऱ्यात कपभर पाणी ओतून खाली वाकून बघायचं. माझे तीन कोपरे धो धो चालू आहेत, पुढच्या डाव्याचं अजून थेंब थेंबच येतंय, म्हणून रेक्झिन अजून गुंडाळून मागच्या सीटवर पडलंय.